पंक्चर काय, पावणं?

शाहूपुरीतल्या आमच्या टोळक्यात तिघंच. हार्डवेअरच्या दुकानाचा रणजित, त्याच्या शेजारचे कापडवाले अण्णा आणि मी. रविवारी सकाळी गाड्या काढायच्या आणि भटकायचं. सुरळीत पार पडलेली एकही ट्रिप आम्हाला धड आठवत नाही. चहाला बसलो की निघतात ते पंक्चरचेच किस्से, आणि त्यात भर पडतच राहते.

कोल्हापुरात पंक्चर गाडी गुपचूप ढकलायची सोय नाही. दिसेल तो थांबून विचारतो. एकदा अण्णा सगळ्यांना उत्तरं देऊन वैतागले. पुढच्याने "पंक्चर काय, पावणं?" म्हटल्यावर म्हणाले, "न्हाय, गाडीला जरा फिरवून आणतोय."

"व्हय काय," म्हणून त्याने मागून ढकलायला सुरुवात केली, ती थेट पंक्चरच्या दुकानापर्यंत!

पन्हाळ्याच्या घाटात रणजितचं मागचं चाक बसलं. त्याने ऐटीत किट उघडलं. पाने होते, पंप घरी. पोरांचे फुगे फुगवायला नेलेला. तेवढ्यात एक दूधवाला थांबला. कॅन उतरवून आम्हाला राखायला दिले आणि रणजितला चाकासकट मागे बसवून खाली घेऊन गेला. तुमच्या दुधाला उशीर होईल, असं आम्ही म्हणत होतो.

"डेअरीत सांगतो, गाडी पंक्चर झालती. खोटं हाय व्हय?"

चंदगडकडे दगडाने माझा टायर कडेला फाटला. एका शेतकऱ्याने त्यात भाताचा पेंढा ठासून भरून दिला. हळूहळू पुढच्या गावात पोचलो, चहाला बसलो, बाहेर येऊन बघतो तर एक म्हैस टायरमधला पेंढा ओढून खातेय! मालक धावत आला. म्हशीला हाकललं नाही, घरातून नवी पेंढी आणली.

"तिनं खाल्लं, मी भरतो."

एका पंक्चरवर मात्र आम्ही हसत नाही. गावाहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, तुझंच नाव घेतेय. मी एकटाच सुसाट निघालो आणि मध्येच ट्यूब फुटली. आसपास दुकान नाही, मोबाईलला रेंज नाही. कडक इस्त्रीचे कपडे घातलेला एक माणूस थांबला. कुठल्यातरी लग्नाला निघाला असावा. मी त्याला आईचं सांगितलं. त्याने आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. घर पुढच्या गावात देवळामागं आहे एवढं सांगितलं, माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"जावा तुम्ही. तुमची गाडी मी बघतो."

मी वेळेत पोचलो. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आईला जरा बरं वाटल्यावर गाडी परत द्यायला गेलो. माझी गाडी त्याच्या दारात उभी होती, नवी ट्यूब घातलेली, धुतलेली. त्याने आपल्या गाडीकडे बघितलंही नाही. पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "आई बोलली काय?"

"बोलली की. गाडीचा आवाज ऐकूनच म्हणाली, ही कुणाची गाडी आणलास?"

"मग, काय सांगितलासा?"

"आपलीच हाय म्हटलं."