अकोल्यातली हॅना

मंडळी, दुपारी अकोल्याच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतून घरी आले, पण मन अजून तिथंच रेंगाळतंय.

आपल्या वंशावळीच्या ग्रुपवर ओळख झालेली रूथ इंग्लंडहून आली आहे. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तिचे खापरपणजोबा कापूस खरेदीसाठी बायकामुलांसह वऱ्हाडात आले. ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं. त्यांची प्रार्थना म्हणजे एकत्र जमून नुसतं शांत बसणं.

अमरावतीत दफनाच्या जुन्या नोंदी चाळताना काल आम्हाला त्या खापरपणजोबांची तान्ही लेक सापडली. हॅना, अकोल्यात पुरलेली. आज रूथ, माझी आई आणि मी तिची जागा शोधायला गेलो. एकेक दगड पुसून वाचला. हॅना कुठेच नव्हती. शेवटी रूथच म्हणाली, "तेव्हा आमच्यातले बरेच जण थडग्यावर दगड लावतच नसत. मेल्यावरही कोणी लहानमोठं दिसू नये म्हणून."

ती एका निंबाखाली डोळे मिटून बसली. तिच्याशेजारी मी आणि आईही बसलो. पानांच्या सावल्या हलत होत्या. मला वाटत राहिलं, बाहेरच्या रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्या अजून चालल्याच आहेत.

आईनं हळूच विचारलं, "पोरीचं नाव काय म्हनलं?"

"हॅना."

आईनं जमिनीवर हात ठेवला. "हॅना, पाह्य वं माय, तुये लोक आले तुले भेटाले."

रूथला मराठी येत नाही. तरी तिनं आईचा हात घट्ट धरला आणि ती रडली.

तुमच्या घराण्यात असं एखादं नाव आहे का, जे कित्येक वर्षांत कोणी मोठ्यानं घेतलंच नाही?