वेनिंगच्या हाताखालचा गुडघा

वेनिफ्रेडो ताबुकोलला अख्खी लीग वेनिंग म्हणायची, आणि लीगमधल्या बहुतेक संघांनी त्याला कधी ना कधी आपला म्हटलं होतं. आपल्याकडे बास्केटबॉलचे संघ गावांचे नसतात, कंपन्यांच्या मालांचे असतात. वेनिंग आधी रंगवाल्यांकडून खेळला, मग सार्डिनवाल्यांकडून, मग सिमेंटवाल्यांकडून, आणि मधल्या काळात जिनवाल्यांकडून थेट ब्रँडीवाल्यांकडे गेला. "दारूतून निघालास तो दारूतच पडलास, मधे घटकाभर शुद्धीवर तरी होतास का?" असं त्याची बायको पेर्लिता विचारायची. जुन्या जर्स्यांनी ती फरशी पुसायची. सिमेंटवाल्यांची जर्सी पाणी चांगलं शोषते, एवढं एक कौतुक तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

नावाजलेला वगैरे तो कधीच नव्हता. समोरच्या संघातल्या हिऱ्याला गोचडीसारखं चिकटायचं, त्याला दमवायचं, ठरलेले फाउल भरले की मुकाट बेंचवर येऊन बसायचं, हे त्याचं काम. अशा माणसाला संघ घेतात आणि तितक्याच सहज देऊनही टाकतात. एकदा तर तो सराव करून घामाघूम होऊन बाहेर आला, तेव्हा रखवालदारानंच त्याला कुया, म्हणजे दादा, अशी हाक मारून सांगितलं, "कुया वेनिंग, तुम्ही आता आमचे नाही म्हणे."

तरी त्याला पुन्हा पुन्हा कुणीतरी घ्यायचंच. कारण तो येताना मागच्या संघाच्या सगळ्या खेळी डोक्यात घेऊन यायचा. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कोच कॉफी पाजून त्याला पिळून घ्यायचा. कोण डावीकडे वळू शकत नाही, कोण चिडला की चेंडू सोडत नाही, वेनिंग सगळं सांगायचा. त्यात त्याला काही गैर वाटत नसे. फिरत्या खेळाडूचं पोट त्याच्यावरच चालतं, हे ज्याच्याबद्दल सांगायचं त्यालाही ठाऊक असतं.

त्याच्याकडे दुसरंही एक होतं, ते मात्र कोचांच्या कानावर नसायचं. लेयते बेटावर त्याचा बाप हाडं बसवायचा. निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे, बाळंतिणींच्या कमरा, सगळं त्याच्या अंगठ्याखालून जायचं. ते अंगठे वेनिंगकडे आले होते. संघाच्या डॉक्टरकडे गेलं की बातमी मालकापर्यंत पोचते, म्हणून पोरं खोबरेल आणि आल्याचा तुकडा घेऊन वेनिंगच्या खोलीवर यायची. लीगमधल्या निम्म्या लपवलेल्या दुखण्यांचा पत्ता त्याच्या हातांना होता. आणि बाप जसा कुणाच्या अंगाबद्दल बाहेर बोलत नसे, तसा वेनिंगही बोलत नसे. चहाड्या करणारा वेनिंग आणि हा वेनिंग, दोघं एकाच माणसात सुखानं नांदत होते. त्यांची गाठ कधी पडली नव्हती, इतकंच.

ती पडली गिलबर्ट मनालास्तासच्या गुडघ्यावरून. सिमेंटवाल्यांकडे दोघं एका खोलीत राहायचे. वेनिंगच्या थोरल्या मुलीच्या, क्रिस्टेलच्या बाप्तिस्म्याला गिलबर्ट धर्मपिता म्हणून उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांचे कुंपारे झाले, हाकेत नुसतं पारे. भाऊ नशिबानं मिळतो, कुंपारे आपण निवडून घेतो. नागा शहरातल्या एका हॉटेलात दुपारी गिलबर्टनं डावा पाय त्याच्या मांडीवर टाकला. वेनिंगनं वाटीखाली अंगठा सरकवला आणि त्याचा चेहराच उतरला. वाटी बाहेरच्या बाजूला घसरत होती, आत काहीतरी करकरत होतं.

"पारे, हे डॉक्टरला दाखव."

"दाखवलं की मी संपलो. तू दाब."

"एखाद्या दिवशी कुणीतरी चुकून आदळेल, आणि उठणार नाहीस."

"मग चुकून आदळू देणार नाही. दाब म्हणतो ना!"

वेनिंग दाबत राहिला. पुढे त्याला एका उंच पोराच्या बदल्यात दुसरीकडे पाठवलं. गिलबर्ट तिथेच राहिला, मोठा झाला, जाहिरातीत सिमेंटच्या पोत्यावर बसून हसू लागला. गुडघ्याचं कुणाला कळलं नाही. फक्त तो जाळीखालच्या गर्दीत घुसेनासा झाला, लांबूनच नेम धरू लागला. लोक म्हणाले, खेळात प्रौढपणा आला.

वेनिंग शेवटी बिस्किटवाल्यांकडे आला तोवर त्याचे केस पातळ झाले होते आणि करार त्या मोसमापुरताच होता. उपांत्य फेरीचा निर्णायक सामना नेमका सिमेंटवाल्यांशी पडला. आदल्या दिवशी कोच बेल्त्राननं त्याला थांबवून घेतलं. बेल्त्रान वयानं त्याच्याहून लहान होता, म्हणून तोही त्याला कुया म्हणायचा.

"कुया, गिलबर्टचा एक पाय दुखतो. कुठला?"

"पायाचं माहीत नाही. घोरतो मात्र भयंकर."

"मी मस्करी करत नाहीये. पोरं तुझ्याकडे पाय घेऊन येतात, मला दिसतं. डावा की उजवा, एवढं सांग. हलकासा धक्का, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पुढच्या मोसमाचं मी बघतो."

"त्याचं डोकं दुखतं, कोच. बायको फार बोलते त्याची."

बेल्त्रान हसला नाही. "ठीक आहे. उद्या त्याला तूच धर. वेळ आली की आठवेल तुला."

घरी त्यानं पेर्लिताला सांगितलं. दोन मुली शिकत होत्या, आणि चेंडू अडवण्याखेरीज या माणसाला दुसरं काही येत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"आजवर सगळ्यांचं सगळं सांगत आलास," ती म्हणाली. "मग हेच का नको?"

"ते चेंडूचं होतं. हे त्यानं माझ्या हातात दिलंय."

तिनं फरशी पुसायची जुनी जर्सी बादलीत पिळली. मग म्हणाली, "नको तर नको सांगू. पण नंतर माझ्यासमोर तोंड पाडून बसायचं नाही."

सामना सुरू झाला आणि वेनिंग चक्रावला. दोन मोसम लांबून खेळणारा गिलबर्ट पहिल्या चेंडूपासून आत घुसत होता. पाठ वळवायचा, डावा पाय रोवायचा आणि सगळं वजन टाकून वेनिंगला मागे रेटायचा. प्रत्येक वेळी तो गुडघा वेनिंगच्या मांडीला टेकायचा. करकर ऐकू येत नव्हती, पण वेनिंगला ती जाणवत होती. तो जीव तोडून खेळला, पण कमरेच्या वर. हात, छाती, खांदे सगळं लावलं, पाय मात्र आवरून धरले. बेंचवरून बेल्त्रान ओरडत होता, "पाय रोव, कुया! पाय!"

शेवटच्या चेंडूला बिस्किटवाले एका गुणानं पुढे होते. गिलबर्टनं चेंडू घेतला, आत आला, डावा पाय टेकून उडी घेणार एवढ्यात वेनिंग त्याच्या वाटेत होता. जागचा हलला नसता तरी पुरे होतं. तो फाउल नव्हता, लबाडीही नव्हती, दुसरा कुणी असता तर तो तिथेच उभा राहिला असता. त्यानं पाय मागे घेतला. चेंडू जाळीतून खाली आला, आणि सिमेंटवाल्यांच्या प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतलं.

बेल्त्रान रागावला नाही. त्यानं वेनिंगशी हात मिळवला आणि "आभारी आहे, कुया" म्हणाला. इतकी अदब कोच फक्त निरोप देताना दाखवतात.

बाहेरच्या बोळात गिलबर्टनं त्याला मिठी मारली. तो रडत होता.

"पारे, तुझे उपकार कसे फेडू? मी कालच कोचला सांगून ठेवलं होतं, वेनिंग माझ्यावर असेल तर प्रत्येक चेंडू मलाच द्या, मी आत जातो. दुसरा कुणी असता तर माझी छाती झाली नसती."

वेनिंगनं त्याचे हात खांद्यावरून काढले. "म्हणजे तू हे धरूनच चालला होतास?"

"तू सोडून कुणाचं धरणार?"

"मला एकदा विचारायचंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

"हो म्हणालो असतो," वेनिंग म्हणाला. "पण मग ते मी दिलेलं असतं."

तेवढ्यात फोटोवाल्यांनी गिलबर्टला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी पेर्लिता सुकी मासळी तळत होती. बोळातलं सगळं ऐकल्यावर तिनं झारा कढईत आपटला. "निर्लज्ज! पोरीचा धर्मपिता म्हणे! आपल्या पोटावर पाय देऊन गेला आणि वर गळ्यात पडून रडतोय!"

वेनिंगला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, इतक्या संघांत खेळलो. कोच फळ्यावर खेळी काढतात ना, त्यात माझं काम काय असतं, सांगू? कोपऱ्यात उभं राहायचं, दुसऱ्याला वाट मोकळी ठेवायची. काल पहिल्यांदा कुणीतरी अख्खी खेळी माझ्या भरवशावर आखली. आणि ती त्यांच्या फळ्यावर!"

पेर्लितानं गॅस बंद केला. तिला हसू आलं नाही, आणि त्याचंही फार वेळ टिकलं नाही. तो आपल्या ताटलीतल्या भाताकडे बघत राहिला.

"पण बरोबर आखली होती," तो म्हणाला.