डावं कार्ड, उजवं कार्ड

शेवटच्या संध्याकाळी त्याने कॅलेंडरचं सरलेलं पान फाडलं, कोरी बाजू वर करून गॅलरीतल्या बाकड्यावर पसरलं, पोलादी पट्टी मधोमध ठेवली आणि वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘नवं’, उजवीकडे ‘जुनं’. मग चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाला, “हे कागदावर, हां. आधीच सांगतो.”

तुमच्याही मजल्यावर असा एकजण असेल. नसेल तर तुमचं नशीब; चांगलं की वाईट ते तुम्हीच ठरवा. हा आमच्या परळच्या चाळीत माझ्यापासून दोन दारं सोडून राहायचा. फोर्टात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढण्यात त्याची जिंदगी गेली. माझी गिरणीत गेली, साचेखात्यात. साचे म्हणजे कापड विणायचे माग. तो मला ‘जॉबर’ म्हणायचा. जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम. मी कधी जॉबर नव्हतो, साधा विणकर होतो. तसं दहादा सांगितलं. ऐकेल तर शपथ.

काही घ्यायचं म्हटलं की त्याची पट्टी बाहेर. दोन मिक्सर, दोन छत्र्या, दोन दातांचे डॉक्टर. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तळाला एक ओळ: ‘निर्णय’. त्या ओळीपुढे काही लिहिलेलं मी कधी बघितलं नाही. छत्रीचा तक्ता पुरा होईस्तोवर दिवाळी यायची. तरुणपणी त्याला दोन मुली सांगून आल्या, एक फणसवाडीतली, एक भोईवाड्यातली. ह्याने तक्ता केला. तोवर दोघींची लग्नं झाली. एकीच्या लग्नाला तर हा जेवूनही आला.

माझी बायको म्हणायची, “ह्याचा लगीन काय होवचा नाय. ह्यो रेघाच मारीत रवतलो.” आणि तळलेला मोठा बांगडा त्याच्याच ताटात घालायची.

ती पडली त्या दुपारी मी दारातून ओरडलो. तो धावत आला. माझं डोकं फिरलेलं. म्हटलं, “काढ आता तक्ता! दोन हॉस्पिटलांचा काढ!”

तो अनवाणी खाली गेला, टॅक्सी उभी केली, परत वर आला. आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. ड्रायव्हरने विचारलं, “कुठे?” हा म्हणाला, “जवळचं.” एवढंच. पट्टी नाही, रेघ नाही.

ती परत आली नाही. माझं ते ओरडणं त्याने कधी काढलं नाही, आणि मीही त्याची माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

ती गेल्यावर मी रागाच्या भरात घर रिकामं केलं. ओट्यावरची तिची फळी, फळीवरचे अकरा डबे, सगळं भंगारात दिलं. असलं काही तुम्ही करू नका.

मग चाळ पाडायची ठरली. टॉवर होणार. सगळे खूश, आणि ह्याने मनावर घेतलं की चाळ कॉम्प्युटरवर बांधून ठेवायची. पडद्यावरच जिना चढायचा, गॅलरीतून चालायचं, दार ढकलून आत जायचं. निरोपाच्या दिवशी खाली पटांगणात मोठा पडदा लावून तो ती सगळ्यांना दाखवणार होता. गिलाव्याला आलेले फुगवटेसुद्धा त्याने सोडले नव्हते.

एकदा म्हणाला, “जॉबर, सोसायटीच्या कागदांसाठी मी तुझी खोली मोजलेली. फोटोपण काढलेले. वहिनी होती तेव्हा. फळी जागेवर ठेवलीय. डबे अकरा.”

मी उगाच खोकलो.

पण आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. त्याचं मशीन दुसऱ्या मजल्यापर्यंत चालायचं. तिसरा चढवला की पडदा काळा. त्याची भाची ह्याच लायनीत आहे. तिने बघितलं आणि म्हणाली, “मामा, ग्राफिक्स कार्ड बदला. कुठलं ते तुम्ही ठरवा, मी येऊन बसवते.”

‘तुम्ही ठरवा’ हे त्याला कधी सांगायचं नसतं. दोन महिने गेले. निरोपाचा दिवस तोंडावर आला. आणि मग ती संध्याकाळ.

“हे बघ,” तो म्हणाला, “कार्डात हजारो बारके साचे असतात. डाव्यात तीन हजार बहात्तर. उजव्यात तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी.”

“मग उजवं घे.”

“थांब ना! डाव्याचे साचे जलद आहेत. साचे गुणिले ठोके, आणि एका ठोक्यात दोन कामं म्हणून गुणिले दोन.” त्याने हातानेच गुणाकार केला. “डावं पंधरा टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला पंधरा लाख कोटी गणितं. उजवं पावणेतेरा. डावं जिंकलं.”

“सगळे साचे एकदम चालले तर ना?”

“अर्थात. थिअरी आहे ती.”

“आमच्या गिरणीत सगळे साचे एकदम चालल्याचा एक दिवस दाखव. सूत कमी पडलं की साचा उभा. मॅनेजरच्या कागदावर मात्र पळतोय. ह्यात सूत कुठे ठेवतात?”

“मेमरीत,” तो जरा हळू बोलला. “डाव्याला आठ जीबी. उजव्याला बारा. सूत आणायचा रस्ताही उजव्याचाच रुंद आहे.”

“आणि तुझी अख्खी चाळ केवढी?”

त्याने पेन खाली ठेवलं. “दहा.”

“मग आठाच्या गोदामात दहाचं सूत कुठे कोंबशील, मेल्या?”

त्याने डाव्या रकान्यावर बोट ठेवलं. “पण डावं नवं आहे रे. वीजही कमी खातं.”

“खाऊ दे वीज! तिसरा मजला चढव!”

माझा आवाज जरा चढला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पान घडी करून माझ्याच हातात दिलं. “तुझ्याकडे ठेव. उद्या, जॉबर. उद्या नक्की ठरवतो.”

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला त्याने दार उघडलं नाही. आम्ही कडी तोडली. झोपेतच गेला होता, पट्टी उशाशी. दुपारी त्याला भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. परत येताना भाची म्हणाली, “काका, मामाचं मशीन तसंच ठेवते. चाळ पुरीच आहे, फक्त तिसरा मजला उघडत नाही.”

मी म्हटलं, “कार्ड आलं तर बसवशील?”

“केव्हाही.”

त्याच्या पुढच्या सकाळी मी आंघोळ केली, कॅलेंडरचं पान खिशात घातलं आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. दुकानदाराने ते वाचलं आणि हसला. “मस्त लिहिलंय. काका, डाव्या बाजूचं घ्या. नवीन आहे. हे बघा ना, पंधरा आणि पावणेतेरा.”

“ते कागदावर, हां,” मी म्हणालो. “उजवं द्या.”

तो खोका काढायला आत गेला. मी गल्ल्यावरचं पेन उचललं, पान काचेवर पसरलं आणि ‘निर्णय’पुढे जमेल तशा अक्षरात लिहिलं: उजवं.