ओदार्तेने न केलेला तलाव

ओदार्ते लाम्प्टे या सुताराने आयुष्यभर एकच काम केले: अद्याप न बांधलेल्या इमारतींच्या लाकडी प्रतिकृती करणे. आक्रा शहरातील वास्तुविशारद त्याच्याकडेच येत. मी भूमापन खात्यात छत्तीस वर्षे नकाशे तपासले. त्याच्याइतका काटेकोर माणूस मला तेथेही भेटला नाही, हे मी जबाबदारीने लिहितो.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या मध्यभागी तीस मजली आलिशान मनोरा उभारण्याचे ठरले. पायाही खणला नव्हता, तोच फ्लॅट डॉलरमध्ये विकायला काढले. विक्री कार्यालयासाठी प्रतिकृती ओदार्तेने केली. मनोऱ्यामागे त्याने नाआ अमानुआ या वृद्धेचे सतरा खोल्यांचे घर केले, जसे आहे तसे: पत्र्याचे छप्पर, अंगण, आणि घर कुणी परस्पर विकू नये म्हणून आमच्याकडे शेकडो भिंतींवर रंगवलेली असते ती तांबडी ओळ, ‘हे घर विकाऊ नाही.’ तिच्या कुळातील प्रत्येक बाळाला आठव्या दिवशी पहाटे त्याच अंगणात आणून नाव दिले जाते.

विक्रीप्रमुख एबो क्वान्साह भडकला.

“मास्टर, हे काय खुराडं आणून ठेवलंस? इथे पोहण्याचा तलाव हवाय!”

“तिथे घर आहे, बॉस.”

“आज आहे. उद्या नसेल.”

“नाआंनी विकलं?”

“म्हातारी अशी किती दिवस पुरणार आहे?”

“स्वतःच्या आजीबद्दलही घरी असंच बोलता का हो?”

क्वान्साहने पेचकसाने ते घर उपटले आणि त्या जागी निळी काच चिकटवली. मालकीण हयात असताना तिच्या घरावर तलाव काढून तो परक्यांना विकायचा! या निर्लज्जपणाला माझ्यापाशी सभ्य शब्द नाही.

शनिवारी ओदार्ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कार्यालयात गेला आणि प्रतिकृतीशेजारी उभा राहिला. फ्लॅट घ्यायला लंडनहून आलेल्या एका परिचारिकेने काचेवर बोट ठेवले.

“तलाव केवढा आहे हो?”

“तलाव नाही, बाईसाहेब. नाआ अमानुआंचं घर आहे ते. आत्ता आत मक्याच्या पिठाचे केंकीचे गोळे वळत बसल्या असतील.”

“वेडा आहे तो, मॅडम!” क्वान्साह ओरडला.

“असेन. मागच्या गल्लीत जाऊन या, मग ठरवा वेडा कोण ते.”

ती खरोखर गेली. भिंतीवरची ओळ तिने वाचली. दारातून अमानुआंनी विचारले, “सही करून आलीस का गं, की करायचीय?”

“करायचीय.”

“मग बस. आधी जेव.”

तिने सही केली नाही. त्या दिवशी तिच्यासारखे आणखी चौघे ते घर पाहून परत गेले. ओदार्तेला रखवालदारांनी दंडाला धरून बाहेर काढले. घर उभे आहे; मात्र शहरातला एकही वास्तुविशारद आता ओदार्तेला बोलावत नाही. मी तिघांच्या घरी जाऊन कारण विचारले. “माणूस भरवशाचा राहिला नाही,” असे तिघांनीही सांगितले. तिन्ही घरांतून मी पाणीही न पिता उठलो.