बंडूला दिलेले कांदे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. पडलं असतं तर ऐकणारा आधी हसलाच असता. कारण माझं वैर होतं एका सशाशी. तोही खरा नाही—मोबाइलमधला.

धाड गावात माझं जळालेल्या मोटारींच्या रिवायंडिंगचं दुकान आहे. घरात मोठा फोन एकच, तो बायकोकडे, वनिताकडे असायचा. त्यात तिनं कुठला तरी गेम घेतला. जनावरांचं गाव. अस्वल किराणा विकतं, कोल्हा टपाल वाटतो, आणि ससा—ससा लग्नाचा! त्याच्याशी रोज बोलायचं, आवडीची वस्तू द्यायची, की त्याच्या डोक्यावरचा एक लाल बदाम भरतो. दहा बदाम भरले की तो फूल घेऊन मागणी घालतो. घातली. लग्नही लागलं. ना मुहूर्त, ना अक्षता, ना मानपान. आमच्या लग्नात एका फेट्यावरून माझे मामा न जेवता निघून गेले होते! माणसानं वैतागू नये तर काय करावं?

तुम्ही म्हणाल, खेळ आहे, खेळू द्यावा. मीही तेच म्हणत होतो—वरवर. पण तिनं त्याचं नाव ठेवलं बंडू, आणि दिवसभर घरात ‘बंडू, ये बंडू’ चालायचं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अठरा वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं ते उखाण्यातच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. मला ‘अहो, ऐकलं का’—आणि त्या लांबकान्याला नाव! शिवाय तो रोज विचारायचा, ‘आज तू कशी आहेस?’ ती खरंच उत्तर द्यायची, मोठ्यानं. मी कधी विचारलं होतं का? नाही. म्हणून तर जास्त झोंबलं.

मग जानेफळहून निरोप आला, सासूबाई फार आजारी आहेत. मोठा फोन माझ्याकडे ठेवून ती बटनाचा घेऊन माहेरी निघाली. हातात बॅग, आणि सांगते काय? “त्याच्याशी रोज येक डाव बोलजा. गाजर देजा. कांदा नोका देऊ, कांद्यानं रुसते तो.”

मी कांदा दिला.

एकदा नाही—रोज. पहिल्यांदा गंमत म्हणून दिला, असं म्हणावंसं वाटतं. पण गंमत नव्हती ती. तो तोंड वाकडं करायचा, एकेक बदाम रिकामा व्हायचा, आणि मला बरं वाटायचं. पाचव्या दिवशी सासूबाई गेल्या. मी मयतीला गेलो, वनिताला धरून बसलो. जावई किती करतो, असं लोक म्हणाले. घरी आलो, आंघोळ केली—आणि फोन उघडून बंडूला कांदा दिला. कळतंय ना तुम्हाला? त्याच दिवशी.

तेरवीच्या आधीच त्यानं पेटी भरली आणि गाव सोडलं.

वनिता परत आली. दोन दिवसांनी तिनं फोन हातात घेतला. बंडूच्या घराला कुलूप होतं, दारावर चिठ्ठी—इथे माझी काळजी कुणी घेत नाही.

“देत होते ना तुमी त्याले?” तिनं विचारलं.

“रोज,” मी म्हणालो. “गाजर.”

ती त्या कुलपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग माह्यंच चुकलं. मी जवळ नसली का कोनी टिकत नाई. मायजवळबी मी आंधीच जायाले पाह्यजे होतं.”

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं—एकच. जड होतं का ते? ‘चहा ठेव’ म्हणालो.

तिनं ठेवला. तो गेम तिनं पुन्हा उघडला नाही. दोन वर्षं झाली. आईचं आणि बंडूचं, दोन्ही आपल्याच हातून गेलं असं ती अजून धरून आहे, आणि मी तिला धरू दिलं आहे.