उत्तरेची खिडकी

बाबांचा कराडला फोटो स्टुडिओ होता आणि त्यांचा हट्ट एकच: गिऱ्हाईक उत्तरेच्या खिडकीसमोरच बसलं पाहिजे. "उत्तरेचा उजेड मऊ. माणूस आहे तसा दिसतो," असं ते सांगायचे. माझ्या पहिल्या पासपोर्टचा फोटोही तिथलाच. पुढे स्टुडिओ विकला आणि बाबा दर उन्हाळ्यात आमच्याकडे सिंगापुरात, सेम्बावांगला येऊन राहू लागले.

त्या जूनमध्ये मी सिंगापूरच्या नागरिकत्वासाठी अर्ज करत होतो. दोन देशांचे पासपोर्ट चालत नाहीत. इथला मिळाला की भारताचा परत करायचा. बाबांना सांगायची माझी हिंमत होईना. रोज उद्यावर ढकलायचो. शेवटी एकदा जेवताना बोलून टाकलं. वाटलं, आता ताट सरकवून उठतात. पण ते एवढंच म्हणाले, "फोटो लागत असेल ना? मी काढतो. दुकानात जायचं नाही." मला केवढं हायसं वाटलं! वेडाच मी.

रविवारी पूजा आटोपून त्यांनी माझा कॅमेरा घेतला, हॉलमधल्या उत्तरेच्या खिडकीसमोर स्टूल मांडलं, मागे पांढरी चादर लावली. मी बसलो, तर ऊन तिरपं डोळ्यांतच घुसलं. फोटोत अर्धा चेहरा भाजलेला, अर्धा काळाठिक्कर.

"उत्तरेकडून ऊन? कसं शक्य आहे?"

"बाबा, आपण विषुववृत्ताजवळ आहोत. जूनमध्ये इथे सूर्य दिवसभर उत्तरेलाच असतो."

"आपल्याकडे नाही असं होत."

"आपल्याकडे आहोत कुठे आपण?" माझा पारा चढायला लागला होता.

पडदा ओढून पाहिला, तर त्याचा निळा रंग माझ्या तोंडावर उतरला. ढगाची वाट पाहिली. तो मेला फिरकला नाही. घामाने कॉलर भिजली. मी स्टूल उचललं आणि बेडरूममध्ये दक्षिणेच्या खिडकीसमोर नेऊन ठेवलं. तिथे हवा तसा मऊ उजेड होता. बाबा दारातच थबकले.

"दक्षिणेकडे तोंड करून मी आजवर कुणाला बसवलेलं नाही. यमाची दिशा ती."

"मग राहू दे ना! स्टेशनवर मशीन आहे, ते काढून देईल!"

हे त्यांना लागलं. आत आले, चादर लावली. माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, कॉलर सरळ केली. "हलू नकोस," म्हणाले आणि बटण दाबलं.

फोटो फर्स्टक्लास आला. सावलीचा ठिपका नाही. "बघा तरी, काय झकास आलाय!" मी म्हटलं. त्यांनी बघितला नाही. कॅमेरा माझ्या हातात दिला, टॉवेल घेतला आणि बाथरूममध्ये गेले.

"अरे, त्यांची आंघोळ तर सकाळीच झाली ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

आत तांब्यामागून तांब्या डोक्यावर ओतल्याचा आवाज येत होता. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर अशी डोक्यावरून आंघोळ करतात. मी धावत जाऊन दार बडवलं.

"बाबा! अहो बाबा, मी जिवंत आहे!"

आत पाणी ओतणं चालूच राहिलं.