भूमिपूजनाचा दगड हलत नाही म्हणे

गेल्या गौरीविसर्जनाच्या दिवशी वाघोलीतल्या सुमनताईंचं पाळणाघर सोसायटीने बंद पाडलं. इमारतीला भेगा पडल्या होत्या. बिल्डर म्हणाला, तळमजल्यावर यांनीच भिंत फोडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटच्या खड्ड्यातून दिवसरात्र पंपाने पाणी उपसलं जात होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

मी तिथे मोजणीला आलेली सर्व्हेयर. जमीन खचतेय का, ते उपग्रहांच्या सिग्नलवरून मोजते. एक रिसीव्हर न हलणाऱ्या जागी ठेवायचा, तो बेस. दुसरा संशयित जागी. दोघांच्या उंचीतला फरक वाढला, की जमीन खचली. बेससाठी जागा सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी दाखवली: गेटजवळचा भूमिपूजनाचा दगड.

"याला कोणी पायसुद्धा लावत नाही. बिनधास्त ठेवा."

पटलं मला.

भेगेत आधी पोस्टकार्ड जायचं, आता बोट जायला लागलं. रीडिंग मात्र जागच्या जागी. केबल बदलली, अँटेना बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. काहीच कळेना.

आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत. रिपोर्ट देऊन टाक."

"मग सर, भेग खोटं बोलतेय?"

"तू मोजायला गेलीस की मोर्चा काढायला?"

सुमनताई तर स्वतःवरच शंका घ्यायला लागल्या. "अगं, मी फक्त खिडकीला जाळी बसवली. त्याने होतं का गं असं?" मला छातीठोक 'नाही' म्हणता येईना. याचाच जास्त राग आला.

दसऱ्याला काकांनी दगडाला फुलं वाहिली. माझ्या रिसीव्हरलाही झेंडूची माळ घातली. आदल्या दिवशी पाऊस झालेला. काकांच्या चपला भिजल्या. "हल्ली दगडाभोवती पाणी साचतं बघा. पूर्वी सरळ गटारात जायचं."

मी बघतच राहिले. दगडच खाली चाललाय! इमारत आणि बेस बरोबरीने खचत होते. फरक दिसणार कुठून?

बेस जुन्या खाणीच्या काठी, उघड्या काळ्या खडकावर हलवला. पुढच्या काही आठवड्यांत इमारत आणि दगड, दोन्ही खाली सरकताना दिसले. सुमनताईंची खोली एकटी नव्हे, अख्खं आवार. शेजारचा पंप जमिनीखालचं पाणी ओढत होता, म्हणून वरची जमीन बसत होती.

नवा रिपोर्ट दिला, तेव्हा पंप थांबला. पाळणाघर उघडलं. माफी कोणीही मागितली नाही.

दगडाला पूजा मिळाली, तरी खचणं चुकवता येत नाही. तुमच्या सोसायटीत 'सगळं स्थिर आहे' असा रिपोर्ट आला, तर विचारा: कशाच्या तुलनेत? बेस कुठे होता? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. आणि तोवर कुणा सुमनताईच्या दाराला कुलूप लावायला हात वर करू नका.